लेथवरचें पेन आणि चुकलेलें केंद्र

आर मधोमध ठोकलेली नसेल, तर भोवरा कितीहि गुळगुळीत असला तरी थरथरतच फिरतो, हें मुलांना कोणी शिकवावें लागत नाहीं. लेथवर लाकडी पेन कातणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. भोवऱ्याचा दोष मात्र जाळी सोडतांच दिसतो. पेनाचा दोष सारें काम आटोपल्यावर उघडकीस येतो.

मीरा-भाईंदरसारख्या, मिठागरांशेजारीं कारखान्यांचे गाळे वाढलेल्या गांवीं लेथ ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. परंतु लोखंडावर बसलेला हात पेनाकडे वळला कीं प्रथम फसतो. लोखंडी दांडा चकमध्यें घट्ट धरतां येतो. पेनाचें लाकूड तसें धरीत नाहींत. चौकोनी तुकड्याला आरपार भोंक पाडून त्यांत पितळी नळी चिकटवितात. ती नळी सुमारें ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी दांड्यावर, म्हणजे मॅंड्रेलवर ओवितात, दोहों बाजूंस बुश घालतात, नट आवळतात व टेलस्टॉकचें सेंटर टेंकवितात. पेन जोडतांना पाहावें तों लाकूड धातूच्या कडीच्या एका अंगाला वर आलेलें आणि समोरच्या अंगाला खालीं बसलेलें!

कारागीर म्हणतो, "लेथनें अंडाकृति कातलें." बहुधा तसें नसतें. वस्तु ज्या अक्षाभोंवतीं फिरते त्या अक्षाभोंवतीं ती गोलच कातली जाते; त्या गोलाचें केंद्र नळीच्या केंद्राशीं जुळत नाहीं, एवढेंच. केंद्र एक दशांश मिलिमीटर सरकलें कीं एका बाजूची जाडी तितकी वाढते व दुसरीची तितकीच घटते. दोन दशांशांचा हा फरक बोटाला सहज लागतो. पेनाच्या टोंकाशीं लाकूड मुळांतच पातळ उरतें; त्यांतली पातळ बाजू पुढें तडकली, तर तासांचें काम व निवडून आणलेलें लाकूड दोन्ही वायां जातात.

केंद्र सरकविणारा पहिला आरोपी कारागिराचा स्वतःचा हात होय. तुकडा सरकूं नये म्हणून तो नट पान्यानें आवळतो, टेलस्टॉक जोरानें दाबतो, आणि बारीक दांडा धनुष्यासारखा वांकतो. वांक मध्यभागीं सर्वांत अधिक असतो. म्हणून दोन नळ्यांच्या पेनांत मधल्या बुशालगतचीं टोंकें अधिक बिघडतात. तुकड्याचीं टोंकें नळीशीं काटकोनांत तासलेलीं नसलीं किंवा त्यांवर डिंकाचा थेंब सुकून राहिला, तर माफक आवळण्यानेंहि दांडा वांकतो. दुसरा आरोपी बुश. पॉलिशपेपरनें तो झिजतो, आणि त्याचें भोंक सैल झालें कीं लाकूड दांड्यावर एका बाजूस बसतें.

परीक्षा सोपी आहे. दांडा रिकामा ठेवून टेलस्टॉक हलका टेंकवावा व हत्याराचा टेंका जवळ आणून हातानें फिरवितांना मधली फट पाहावी. फट कमीजास्त झाली तर दांडाच वांकडा, तो बदलावा. ती स्थिर असेल तर नळ्या, बुश चढवून नट हळूहळू आवळावा. दाबाबरोबर डोलणें सुरू झालें, तर दाब किंवा टोंकें दोषी. तेंहि ठीक असेल, तर अर्धवट कातलेला तुकडा बुशांवर अर्धा फेरा फिरवून पुन्हां बसवावा. आतां तो डोलूं लागला, तर बुश तपासावे. सेंटरचा कोन व दांड्याच्या टोंकाचा खळगा दोन्ही ६० अंशांचे आहेत ना, हेंहि पाहणें बरें; नाहींतर खळगा झिजून दांडा भरकटतो.

नट बोटांनींच आवळावा, एका वेळीं एकच नळी चढवावी, आणि शेवटचे कांप धारदार हत्यारानें अगदीं हलके घ्यावे. मॅंड्रेल बाजूला ठेवून, तशाच बुशांवर नळी दोन सेंटरांमध्यें थेट धरण्याची पद्धत सर्वांत विश्वासाची. तींत वांकायला दांडाच नसतो.

खरी अंडाकृति मात्र लाकडाच्या स्वभावानें येते. लाकूड वर्तुळरेषांच्या दिशेनें, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षां, सामान्यतः दुपटीच्या आसपास आकसतें वा फुगतें. वसईच्या खाडीकांठची पावसाळी हवा ओलसर. तेथें ओलें लाकूड कातून दिवाळीनंतर पाहिलें, तर गोल राहिलेलें नसतें. अशा ठिकाणीं लाकूड आधीं भोंक पाडून कांहीं आठवडे कोरड्या जागीं ठेवावें, आणि नळी मागाहून चिकटवावी.