गिअरपेटीच्या नळीची गळती

मोसंबीच्या हंगामांत पैठण तालुक्यांतील बागायतदाराचें अर्धें लक्ष झाडांवर आणि अर्धें गाडीवर असतें. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्यानंतरच्या काळांत बैलगाडी हळूहळू मागें पडली आणि तिची जागा डिझेलच्या पिकअपनें घेतली. छत्रपति संभाजीनगर येथून सुमारें ५० किलोमीटर. फळ भरून निघालेली गाडी बिडकिनाजवळ अडली तर नुकसान एका भाड्याचें नसतें, साऱ्या तोडणीचें असतें.

आपल्याकडील बहुतेक पिकअप गाड्यांचे गिअर हातानेंच बदलावे लागतात. त्यांच्या पेटींतलें जाड तेल तेथल्या तेथेंच फिरतें. तें थंड करण्याची निराळी व्यवस्था लागत नाहीं. अशा गाडीखालीं गिअरचें तेल दिसलें, तर दोष बहुधा सीलचा. परंतु इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ सालीं भारतांत आलेली टोयोटा हायलक्स, यांचे आपोआप गिअर बदलणारे प्रकार ज्या घरीं आले आहेत, तेथील गोष्ट वेगळी. त्यांत इंजिनाची शक्ति पातळ तेलाच्या घुसळणींतून चाकांकडे जाते. या घुसळणीनें तेल तापतें, म्हणून पेटींतला पंप तें एका नळीनें कूलरकडे धाडतो आणि दुसऱ्या नळीनें परत आणतो. या दोन नळ्या म्हणजे गाडीच्या नाड्याच म्हणाना.

भरधाव गाडींत तेल अधिक तापत असेल, असें आपणांस वाटतें. खरा प्रकार उलट आहे. नाथषष्ठीच्या गर्दींतून भरलेली गाडी मुंगीच्या पावलानें सरकते, तेव्हां कूलरला वाऱ्याचा झोत नसतो आणि घुसळण मात्र चालूच राहते. चिखलांतून बागेबाहेर निघतांनाहि तेंच. जुनें, कडक झालेलें रबर अशाच दिवशीं हार खातें.

गळती प्रथम कोणास दिसते? पुष्कळदां सकाळीं अंगण झाडणाऱ्या बाईस. आणि तिचें बोलणें घरांतील पुरुषमंडळी चहाबरोबर गिळून टाकतात! चार भावांची गाडी असली म्हणजे तर डाग कोणाचाच नसतो. वास्तविक त्या डागाची परीक्षा फार सोपी आहे. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरावा. लालसर किंवा तपकिरी, बोटांस बुळबुळीत लागणारें तेल बहुधा या पेटीचें. काळें तें इंजिनाचें. पातळ व उग्र वासाचें तें डिझेल. हिरवें अथवा गुलाबी, पाण्यासारखें तें रेडिएटरचें. थेंब पडतो तेथेंच छिद्र असतें असें मात्र समजूं नये. वारा तेल मागें ओढून नेतो. नळ्या पुसून स्वच्छ कराव्या, इंजिन थोडा वेळ चालवावें आणि सर्वांत वरची, सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. पोलादी नळीला रबरी नळी जोडलेली असते तो सांधा, रेडिएटरजवळचा नट, आणि नळी सांगाड्याला घासते ती जागा, या ठिकाणीं आधीं पाहावें.

दुरुस्ती गाडी पूर्ण निवल्यावरच करावी. हें तेल हात भाजून काढतें. चाकांना दगड लावावे आणि केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. भक्कम लोखंडी घोडी हवी. नट सोडतांना दोन पाने घ्यावे, एकानें रेडिएटरकडील जोड धरून ठेवावा व दुसऱ्यानें नट फिरवावा, नाहींतर नळी पिळवटते. रबरी कडें निघालें कीं तें पुन्हां न बसवितां नवेंच घालावें. रबरी नळी बदलावयाची तर ती गिअरच्या गरम तेलासाठींच बनविलेली असावी. दुकानदार पाण्याची नळी पुढें करील, तीहि बसेल, परंतु तेलानें फुगून थोड्याच दिवसांत ती दगा देईल. पोलादी नळी गंजून भोक पडलें असेल तर वर लांबी फांसणें हा निव्वळ वेळकाढूपणा. अख्खी नळी बदलावी, मूळच्या पकडींत घट्ट बसवावी आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावी.

मग तेल भरावयाचें. गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल तेंच, आणि तितकेंच. कमी पडलें तर पंप हवा ओढतो, आंतल्या क्लचच्या चकत्या घसरून जळतात. अधिक झालें तर फेंस होतो. पातळी विशिष्ट उष्णतेला, बहुधा इंजिन चालू ठेवून पाहावी लागते, आणि कित्येक गाड्यांस मोजपट्टीच नसते. तेथें हें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें. काढलेलें तेल बंद डब्यांत भरून तेल गोळा करणाऱ्याकडे पोंचवावें, ओढ्यांत ओतूं नये. नाथसागराचें पाणी सारें संभाजीनगर पितें.

गिअर टाकूनहि गाडी उशिरां हालूं लागली, किंवा इंजिन गर्जतें पण गाडी ओढत नाहीं, असें झालें तर तेथेंच थांबावें. अशी गाडी दोर बांधून ओढूं नये; ट्रकवर चढवून न्यावी. रेडिएटरच्या पाण्यांत गुलाबी दुधासारखा गढूळपणा दिसला, तर कूलर आंतून फुटला आहे असें धरून चालावें. कूलर रेडिएटरच्या पोटांत असेल तर हा धोका विशेष, कारण पाणी पेटींत शिरलें कीं चकत्यांचें अस्तर सुटूं लागतें. तेथें नळी बदलून भागत नाहीं.

दुरुस्तीनंतर भरल्या गाडीनें एक फेरी करावी आणि परत आल्यावर पांढऱ्या फडक्यानें तोच सांधा पुन्हां पुसून पाहावा.