स्मृतिभ्रंशावरील औषधे : उपयोग किती, जोखीम किती

जबलपूर शहराच्या मदन महल भागात गोंड राजवटीतील किल्ल्याची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी दाट वस्ती वाढली असून त्याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात आणि पुढे मध्य प्रांताच्या कारभारात नोकरी, वकिली व शिक्षकी पेशाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. आज त्यांच्यापैकी कित्येक घरांत मुले पुण्यास, बंगळूरला किंवा परदेशी आहेत आणि वृद्ध आईवडील जबलपुरातच राहतात. अशा घरात आजी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागतात, आमटीत दोनदा मीठ पडते, पन्नास वर्षांच्या ओळखीच्या गल्लीत आजोबांची वाट चुकते. मग डॉक्टरांकडे धाव घेतली जाते आणि औषधाची चिठ्ठी हाती येते. त्या वेळी बहुतेक कुटुंबांच्या मनात एकच प्रश्न असतो : या गोळीने गेलेली आठवण परत येईल काय?

याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. तथापि औषध निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणते औषध कशासाठी दिले जाते, त्यापासून किती अपेक्षा ठेवावी आणि कोणत्या औषधापासून सावध राहावे, याची माहिती कुटुंबाला सहसा मिळत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णासाठी जेमतेम काही मिनिटे असतात. त्या वेळात हे सारे सांगून होत नाही.

देशातील वृद्धांच्या व्यापक पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळले. स्मृतिभ्रंश हा एकच एक रोग नव्हे, ती लक्षणांची अवस्था आहे. अल्झायमरचा आजार हे तिचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे, लेवी पिंडांचा आजार व पार्किन्सन ही अन्य प्रमुख कारणे होत.

आधी तपासणी, मग औषध

विसराळूपणा दिसताच गोळी सुरू करणे योग्य नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, डोक्याला मार लागून मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त किंवा नैराश्य यांमुळेही हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात, आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार होऊ शकतात. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची तपासणी तर कधीही टाळू नये. एखाद्या वृद्धाची अवस्था एकदोन दिवसांतच अचानक बिघडली, तर ते स्मृतिभ्रंशाचे लक्षण समजण्याऐवजी मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाण्याचे घटलेले प्रमाण किंवा एखाद्या नव्या औषधाचा परिणाम तपासावा.

तपासणीत भाषेचा मुद्दाही येतो. जबलपूरसारख्या शहरात आजाराची प्रश्नावली साहजिकच हिंदीतून विचारली जाते. ज्या आजींनी घरात आयुष्यभर मराठीच वापरली, त्यांना हिंदी शब्द आठवून सांगणे जड जाऊ शकते, आणि आजार असलेल्यापेक्षा अधिक गंभीर दिसू शकतो. अशा वेळी घरच्या व्यक्तीने डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी आणि प्रश्न मराठीतून समजावून देण्याची परवानगी मागावी. उत्तर मात्र सुचवू नये. मायेपोटी नातेवाईक नेमके तेच करतात!

मुख्य औषधे चार

अल्झायमरच्या आजारात मेंदूतील ज्या पेशी प्रथम झिजतात, त्यांपैकी काही पेशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन तयार करतात. एका पेशीचा संदेश दुसरीपर्यंत नेण्याचे काम हे रसायन करते आणि स्मरण व अवधान यांसाठी ते आवश्यक असते. काम झाले की एक विशिष्ट विकर त्याचे विघटन करते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही तीन औषधे या विकराला अटकाव करतात, त्यामुळे शिल्लक राहिलेले रसायन अधिक काळ टिकते. पेशींची झीज मात्र थांबत नाही. हौदाची गळती तशीच ठेवून तोटी थोडी आवळावी, असा हा प्रकार आहे.

या औषधांचा इतिहास मनोरंजक आहे. डोनेपेझिल जपानमधील हाचिरो सुगिमोतो यांच्या चमूने शोधले. त्यांच्या स्वतःच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. अमेरिकेत या औषधाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. रिव्हास्टिग्मिनचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील एका विषारी शेंगेच्या बीमधील द्रव्यात आहे, तर गॅलँटामिन हे स्नोड्रॉप या रोपातील द्रव्य असून बल्गेरियातील संशोधकांनी १९५० च्या दशकात ते प्रथम उपयोगात आणले.

मेमँटिन हे चौथे औषध निराळ्या मार्गाने काम करते. ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा अतिरेक पेशींना घातक ठरतो, आणि मेमँटिन त्याला आवर घालते. ते मध्यम व तीव्र अवस्थेत दिले जाते, कधी एकटे, तर कधी डोनेपेझिलच्या जोडीने. मूत्रपिंड कमजोर असल्यास त्याची मात्रा कमी ठेवावी लागते.

लाभ किती? डोनेपेझिलवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. सत्तर गुणांच्या बौद्धिक चाचणीत, सुमारे सहा महिन्यांनंतर, औषध घेणाऱ्यांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २.७ गुणांनी चांगली होती. हा फरक लहान आहे. काही रुग्णांत तो घरच्यांना स्पष्ट जाणवतो, म्हणजे आजोबा पुन्हा वर्तमानपत्र चाळू लागतात किंवा स्वतः अंघोळ करतात. काहींत काहीच दिसत नाही. कोणाला गुण येईल, हे आधी सांगता येत नाही, म्हणून तीन ते सहा महिने औषध देऊन पाहणे व नंतर पुन्हा तपासणे हीच रूढ पद्धत आहे. पुष्कळदा ‘प्रकृती आहे तेवढीच राहिली’ हाच औषधाचा गुण असतो, आणि तो ओळखणे कठीण जाते.

दुष्परिणामही ठाऊक असावेत. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे व वजन घटणे हे नेहमीचे परिणाम होत. म्हणून डोनेपेझिल दिवसाला ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी आवश्यक तर १० मिलिग्रॅम केले जाते. रात्री घेतल्यास भयंकर स्वप्ने पडत असतील, तर डॉक्टरांना विचारून ते सकाळी घेता येते. हृदयाचे ठोके मंदावणे हा अधिक गंभीर परिणाम आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी आधीच चालू असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. हृदयविकार, दमा किंवा पोटातील व्रण यांचा पूर्वेतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टीही मिळते. तिने पोटाचा त्रास कमी होतो, परंतु जुनी पट्टी न काढता नवी लावल्यास मात्रा धोकादायक रीतीने वाढते. रोज पट्टी बदलण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे, हे उत्तम.

एका हाताने द्यावे, दुसऱ्याने काढून घ्यावे

ॲसिटिलकोलीन वाढवणारे महागडे औषध चालू असतानाच त्याच्या नेमके उलट काम करणाऱ्या गोळ्याही घरात असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सर्दी व खाजेवरील क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या, झोपेसाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलिन, लघवीवरील ताब्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन, हातापायांच्या कंपावरील ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यांची उदाहरणे होत. यांनी वृद्धांचा गोंधळ वाढतो, बद्धकोष्ठ होते, लघवी अडते. सर्दीची गोळी कोपऱ्यावरच्या औषध दुकानात सहज मिळते, त्यामुळे तिला कोणी औषध समजतच नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत, हा साधा उपाय फार मोलाचा आहे.

राग, संशय आणि झोपेच्या गोळ्या

प्रत्यक्षात कुटुंबांना विस्मरणापेक्षा वागण्यातील बदल अधिक छळतो. सून दागिने चोरते असा आरोप, रात्रभर येरझारा, अंघोळ घालताना मारणे, संध्याकाळ झाली की ‘मला माझ्या घरी न्या’ असा आकांत. थकलेले कुटुंब शांततेसाठी गोळी मागते आणि ती सहज लिहून दिली जाते. सर्वांत गंभीर जोखीम येथेच आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली मनोविकारावरील नव्या पिढीच्या औषधांबाबत कडक इशारा दिला. सतरा चाचण्यांचा आढावा घेता, स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये ही औषधे घेणाऱ्यांचा मृत्युदर सुमारे ४.५ टक्के, तर न घेणाऱ्यांचा सुमारे २.६ टक्के आढळला, आणि तोही सरासरी अवघ्या दहा आठवड्यांत. २००८ साली हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. लेवी पिंडांच्या आजारात तर अशा औषधाची अल्प मात्राही शरीर ताठरून टाकू शकते. डायझेपाम व अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते.

याचा अर्थ ही औषधे कधीच देऊ नयेत, असा नाही. रुग्ण स्वतःला वा इतरांना इजा करू लागला, भास व भीतीने त्याचे हाल होऊ लागले, तर अल्प मात्रेत, थोड्या काळासाठी ती दिली जातात. मात्र ती केव्हा कमी करायची, याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले पाहिजे. वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून औषध आणत राहणे हे घातक आहे.

गोळीआधी काय करता येते, याचा वस्तुपाठ गोव्याने दिला आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील दोन तालुक्यांत केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ८१ व्यक्ती व त्यांची काळजी घेणारे आप्त त्यात सहभागी होते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक गृहसल्लागार घरी जात, आजार समजावून सांगत आणि त्रासदायक वागणे कसे हाताळावे हे शिकवत. मनोविकारतज्ज्ञ एकदा तपासणी करत व गरज असेल तरच औषध देत. सहा महिन्यांनंतर काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारलेले आढळले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे त्यांना होणारा मनस्तापही घटला. रुग्णाच्या वागण्यातील बदल मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक नव्हता. आजी तशाच राहिल्या, पण घर सावरले. मोठ्या यंत्रसामग्रीविना साधलेला हा परिणाम लहानसहान म्हणता येणार नाही, आणि असा कार्यक्रम देशभर का पसरला नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नवी औषधे, जुन्या वनस्पती

लेकॅनेमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूत साचणारे ॲमिलॉइड हे प्रथिन ती हटवतात. लेकॅनेमॅबच्या १,७९५ जणांवरील चाचणीत दीड वर्षात आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकण्यास हा आकडा मोठा वाटतो, परंतु अठरा गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ इतकाच होता. शिवाय मेंदूत सूज येण्याचा किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. ही औषधे केवळ प्रारंभीच्या अवस्थेसाठी असून ती मुख्यतः शिरेतून दिली जातात. ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांच्या कुटुंबांनी यांच्या मागे धावून कर्ज काढू नये.

ब्राह्मी व शंखपुष्पी यांवर आपल्याकडे श्रद्धा आहे. ब्राह्मीचे काही लहान अभ्यास निरोगी व्यक्तींवर झाले आहेत, पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना त्यांचा लाभ होतो, असा पुरेसा पुरावा नाही. गिंको या वनस्पतीची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर चाचणी झाली आणि तिने आजार टळत नाही, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले.

औषध केव्हा थांबवावे, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र आजाराच्या २९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोनेपेझिल बंद केलेल्यांची घसरण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जलद झाली. त्यामुळे ‘आता काय उपयोग’ असे म्हणून घरच्यांनी परस्पर गोळी बंद करू नये. वजन सतत घटत असेल, वारंवार चक्कर येत असेल, किंवा रुग्ण अंथरुणास खिळून कोणालाही ओळखेनासा झाला असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी केली जाते आणि पुढील काही आठवडे लक्ष ठेवले जाते. त्या काळात प्रकृती स्पष्टपणे ढासळली, तर औषध पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेता येतो.

जबलपुरातील कुटुंबांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सल्ला घेता येईल. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.