ओवीचा चौथा चरण आणि पोथींतील दंड

नेवासें येथें शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत, त्यांस हें सांगावयास नको कीं, पोथीचा लेखक ओवी चार ओळींत लिहीत नाहीं. पत्राच्या एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत अक्षरें सलग चालतात. शब्दही सुटे नसतात. ओवी संपली हें दंड व अंक यांवरूनच कळावयाचें. चार ओळींची मांडणी ही मुद्रणाची देणगी होय.

मग विसावा कोठें घ्यावा, हें वाचकास कोण सांगे? उत्तर ओवीच्या घडणींतच आहे. संस्कृत वृत्तांत यति अक्षरगणनेनें ठरलेली असते. ग्रंथांतील ओवीस अशी नियत गणना नाहीं. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले, चौथा बहुधा आंखूड व निर्यमक. तीनदां सारखा नाद कानीं पडला म्हणजे चौथ्यांदाही तशीच अपेक्षा उत्पन्न होते. ती मोडते, चरण लवकर संपतो, आणि जो शब्द तेथें बसला असेल त्यावर सारा भार पडतो. याहून मौजेची गोष्ट ही कीं, 'जैसें' म्हणून आरंभिलेला दृष्टांत कित्येकदां पुढील ओव्यांवर वाहत जातो व 'तैसें' येईपर्यंत अर्थ अधांतरीं राहतो. अंक आला म्हणून वाक्य संपलें असें मानणारा पाठक तेथें हमखास फसतो.

याच जिल्ह्यांतील ताहराबादकर महीपतींच्या भक्तिविजयांत (शके १६८४) चौथा चरण पुष्कळदां इतरांच्या लांबीजवळ येतो. कथा सरळ चालते, धक्का सौम्य होतो. आम्हांस जुनी ओवी अधिक प्रिय. हा पक्षपात समजावा.

आतां आमचाच एक प्रमाद. एका घराण्यांतील पोथीची नक्कल करितांना आम्हीं छापील प्रतीस अनुसरून ओव्या चार ओळींत उतरल्या आणि ओवीच्या पोटांतील बारीक तांबडे दंड निरर्थक समजून गाळले. पुढें कच्च्या टांचणांत एका पत्राचे दंड योगायोगानें राहिलेले आढळले. त्यांतील कांहीं यमकावर नव्हते, अर्थ जेथें थांबतो तेथें होते. कोणा पुराणिकानें आपल्या वाचनासाठीं ते दिले असावेत. तोंवर मूळ पोथी वाळवीनें खाल्ली होती. आमची नक्कल अक्षरशः शुद्ध आहे. ती पोथी कशी वाचली जात होती, एवढेंच तींत नाहीं.

संग्राहकांस विनंति कीं, नक्कल करितांना दंड असेल तेथेंच ठेवावा, निराळी शाई व हरताळ फासलेली जागा समासांत टिपावी, आणि चार ओळी पाडावयाच्याच असल्यास त्या दुसऱ्या कागदावर पाडाव्या.