‘शोधा’ दाबल्यावर काय होतं?

मोबाइलवर मुंबई आणि लंडन ही नावं टाकायची, तारीख निवडायची आणि ‘शोधा’ दाबायचं. काही सेकंदांत विमानांची भलीमोठी यादी हजर! प्रत्येकापुढे भाडं, सर्वांत स्वस्त सगळ्यात वर. हे इतकं सवयीचं झालंय की त्यात नवल वाटत नाही. पण त्या काही सेकंदांत पडद्याआड काय चालतं?

त्यासाठी आधी सत्तर वर्षं मागे जायला हवं. तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सचं आरक्षण म्हणजे कार्डांनी भरलेला एक गोल फिरता खण आणि त्याच्याभोवती बसलेली आठ माणसं. फोन आला की कार्ड शोधायचं, खूण करायची, परत ठेवायचं. एका आरक्षणाला सरासरी दीड तास लागे. माणसं वाढवावीत, तर खणाभोवती जागाच नाही!

1953 मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले. एक अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्रेते ब्लेअर स्मिथ. आयबीएम तेव्हा अमेरिकी हवाई दलासाठी रडारांकडून येणारी माहिती एका जागी गोळा करणारे संगणक बनवत होती. शत्रूची विमानं जर अशी टिपता येतात, तर आपल्या विमानांतल्या रिकाम्या खुर्च्या का नाही? त्या गप्पांतून पुढे ‘सेबर’ ही यंत्रणा उभी राहिली. 1964 पर्यंत तिने कंपनीच्या आरक्षणाचा सगळा कारभार हाती घेतला होता आणि दीड तासाचं काम सेकंदांवर आलं होतं.

त्या काळाच्या खुणा तुमच्या तिकिटावर आजही आहेत. इंग्रजी नाव सगळं मोठ्या अक्षरांत का असतं? कारण तेव्हा आरक्षणाचे निरोप ज्यावरून जात, त्या टेलिप्रिंटरला लहान अक्षरं ठाऊकच नव्हती. आणि बहुतेक साइट एका वेळी जास्तीत जास्त नऊ जणांचीच तिकिटं का देतात? जुन्या पडद्यावर शिल्लक जागांसाठी एकच अंक राखलेला असे. पन्नास खुर्च्या रिकाम्या असल्या, तरी तिथे 9 हाच आकडा दिसायचा.

आता भाड्याकडे या. इकॉनॉमीतल्या दोन शेजारच्या खुर्च्या, तीच गुडघ्याला टेकणारी पुढची पाठ, तेच जेवण. पण एक प्रवासी सहा हजार देऊन आलेला, दुसरा पंधरा हजार. हे कसं? कंपनी त्याच खुर्च्या कागदोपत्री वाय, एम, क्यू अशा अक्षरांच्या कप्प्यांत विभागते. प्रत्येक कप्प्याचं भाडं वेगळं, अटी वेगळ्या. लग्नात वाढपी बासुंदी हात राखून वाढतो, कारण शेवटच्या पंगतीला व्याही बसायचे असतात. तसं महागडं तिकीट घेणारे उशिरा येतात, म्हणून त्यांच्यासाठी जागा राखायच्या. पण किती? बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये याचा नेमका हिशेब मांडला. सहा हजार भागिले पंधरा हजार म्हणजे 40 टक्के. पंधरा हजारवाला येण्याची शक्यता 40 टक्क्यांहून जास्त असेल, तर खुर्ची राखा. कमी असेल, तर आत्ताच विका. किती साधं आणि किती सुंदर!

खरी कमाल तर पुढेच आहे. समजा, लंडनला जायचे शंभर मार्ग आहेत आणि यायचेही शंभर. दर खेपेला वाटेत एकदा विमान बदलायचं, म्हणजे एकूण चार विमानं. प्रत्येकाची दहा भाडी. झाल्या दहा कोटी जोड्या! त्यातही भाड्यांच्या अटी एकमेकींत गुंतलेल्या: अमुक भाडं हवं तर परतीचं तिकीटही त्याच कंपनीचं हवं, मध्ये शनिवारची रात्र तिथे काढायला हवी. हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी शोधणं यापुढे पोरखेळ आहे.

विमानभाडी शोधणारी यंत्रणा बनवणाऱ्या आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीचे कार्ल डी मार्केन यांनी तर गणिताने दाखवून दिलं, की प्रवासाच्या लांबीला मर्यादाच घातली नाही, तर सर्वांत स्वस्त भाडं कोणतं, या कोड्याचं उत्तर हमखास देणारा प्रोग्राम असूच शकत नाही. संगणक कितीही वेगवान आणा! म्हणून प्रत्येक साइट आपापल्या अकलेने फांद्या छाटते, हाती लागेल ते सर्वांत स्वस्त म्हणून दाखवते, आणि दोन साइटांची उत्तरं जुळत नाहीत. आयटीए पुढे गूगलने विकत घेतली. गूगल फ्लाइट्स तिच्याच पायावर उभी राहिली.

सहा जणांची तिकिटं काढताना एक करून पाहा. स्वस्त कप्प्यात चारच जागा उरल्या असतील, तर यंत्रणा बहुधा सहाही जणांना पुढच्या महाग कप्प्यात टाकते. तेव्हा आधी चौघांचं माणशी भाडं बघा, मग सहा जणांचं. फरक दिसला, तर चार आणि दोन अशी तिकिटं काढा. मात्र मग दोन वेगळी आरक्षणं होतात आणि विमान रद्द झालं तर दोन्हींची व्यवस्था वेगवेगळी लावावी लागते, हे लक्षात असू द्या.