संस्थेचा नंबर संस्थेचाच असावा: व्हर्च्युअल नंबर म्हणजे काय, तो कसा वापरायचा?

फितऱ्याचं पत्रक असो, कुर्बानीच्या हिश्श्यांची जाहिरात असो की मय्यतगाडीचा फलक, श्रीरामपूरसारख्या गावात खाली तीन-चार जणांचे मोबाइल नंबर छापायची पद्धत आहे. त्यातला एक जण कामासाठी पुण्याला जातो, दुसऱ्याचं सिम बंद पडतं, तिसरा ट्रस्टमधून बाहेर पडतो. फलक मात्र तसाच राहतो. रात्री दोन वाजता मय्यतगाडी किंवा रक्त हवं असलेल्या घराला एकामागून एक नंबर लावत बसावं लागतं.

दुसरी अडचण घरातली आहे. रिश्त्याच्या बायोडेटावर, शिवणकामाच्या किंवा ट्यूशनच्या जाहिरातीवर घरातल्या बाईचा खासगी नंबर जातो. मग तो कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय, याचा पत्ता लागत नाही. बदलायचा म्हटलं तर बँक, आधार, शाळा, सगळीकडे बदलावा लागतो.

नंबर आहे, सिम नाही

साधा नंबर सिमला बांधलेला असतो. व्हर्च्युअल नंबर कुठल्याच फोनमध्ये नसतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तुमच्याकडे त्याचं ऑनलाइन खातं असतं. आलेला कॉल कोणाच्या मोबाइलवर पाठवायचा, हे तुम्ही तिथं ठरवता.

आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं २०११ चं आंदोलन आठवा. पाठिंब्यासाठी मिस्ड कॉल द्या, असं आवाहन तेव्हा देशभर झालं होतं. असे लाखो कॉल कोणाच्या खिशातल्या एका मोबाइलवर घेता येत नाहीत, त्यामागे संगणकाची यंत्रणा लागते. तशीच यंत्रणा आज एक्सोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर अशा कंपन्या भाड्याने देतात. छोटा ट्रस्टही ती घेऊ शकतो.

कॉल कसा फिरतो?

समजा, एका ट्रस्टने मय्यतगाडी आणि रक्तदान या दोन कामांसाठी एकच नंबर घेतला. फोन लावणाऱ्याला ऐकू येईल, ‘मय्यतगाडीसाठी १ दाबा, रक्तासाठी २ दाबा.’ १ दाबलं की आधी ड्रायव्हरचा मोबाइल वाजेल. त्याने उचलला नाही तर दुसऱ्या कार्यकर्त्याचा, मग ट्रस्टीचा. जुम्याच्या नमाजच्या वेळी सगळ्यांचे फोन सायलेंटवर असतात. तेवढ्या वेळेपुरता कॉल दुसऱ्या कोणाकडे वळवता येतो. सुटलेल्या कॉलची यादी खात्यात दिसते. माणूस बदलला तर खात्यात त्याचा नंबर बदलायचा, फलक पुन्हा रंगवायची गरज नाही.

एक काळजी घ्या. ज्या घरात मय्यत झाली आहे, त्या घरच्यांना लांबलचक स्वागत ऐकवू नका. दोनच पर्याय ठेवा, आणि काहीच दाबलं नाही तरी कॉल माणसापर्यंत गेला पाहिजे. घरातल्या बुजुर्गांना बटणं दाबणं जमतंच असं नाही.

कार्यकर्त्याचा खासगी नंबर समोरच्याला दिसत नाही, पण उलट फोन करताना कंपनीच्या अ‍ॅपमधूनच करावा लागतो. सवयीने आपल्या मोबाइलवरून थेट लावला, तर आपला नंबर गेलाच समजा.

जकात मागणाऱ्याची इज्जत

या सोयीत एक जबाबदारीही येते. कोणी कधी फोन केला याची नोंद राहते, काही वेळा बोलणंही रेकॉर्ड होतं. जकात किंवा इलाजासाठी मदत मागणाऱ्याचं नाव चार लोकांत जाता कामा नये. म्हणून रेकॉर्डिंग गरज नसेल तर बंदच ठेवा, आणि चालू ठेवलं तर कॉलच्या सुरुवातीला तसं सांगा. नोंदी दोनच जबाबदार ट्रस्टींना दिसतील, अशी सोय करा.

घेताना काय पाहायचं?

नंबर कार्यकर्त्याच्या नव्हे, ट्रस्टच्या नावावर घ्या. त्यासाठी ट्रस्टचं पॅन आणि धर्मादाय आयुक्त किंवा वक्फ बोर्डाकडचं नोंदणीपत्र तयार ठेवा. पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका. भाडं किती, मिनिटाला वेगळे पैसे लागतात का, आणि कंपनी सोडली तर नंबरचं काय होईल, हे आधीच विचारा. भाडं थकलं तर नंबर हातचा जाऊ शकतो. हा नंबर बँकेचा ओटीपी किंवा यूपीआयसाठी नाही. यूपीआयला फोनमध्ये खरं सिम लागतंच.

घरून व्यवसाय करणाऱ्या बहिणींनी आधार आणि पॅनवर मोफत उद्यम नोंदणी केली, तर अशा कंपन्यांकडे कागद म्हणून ती कामाला येते. फक्त रिश्त्याच्या बोलणीसाठी एवढा खटाटोप नको. दोन सिमच्या फोनमध्ये वेगळं सिम घ्या. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे. बोलणी संपली की ते बंद करता येतं. त्याआधी त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप खातं मात्र डिलीट करा, कारण बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

इथे फसू नका

फुकट परदेशी नंबर देणाऱ्या अ‍ॅपपासून लांब राहा. तो नंबर उद्या दुसऱ्याला मिळाला, तर त्यावरचं तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हाती जाऊ शकतं. ‘आधार दे, नंबर काढून पैसे देतो’ असं मुलांना कोणी सांगत असेल तर साफ नकार द्यायला शिकवा. फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावाने नंबर मिळवणाऱ्याला दूरसंचार कायदा २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या ‘संचार साथी’वर पाहता येतं.

कुरिअरवाला किंवा बँकवाला म्हणून कोणी *२१* ने सुरू होणारा कोड दाबायला सांगितला तर दाबू नका. तुमचे कॉल त्याच्याकडे वळतील. चुकून दाबला असेल तर ##००२# डायल करून वळवलेले कॉल रद्द करा. पैसे गेले तर लगेच १९३० वर तक्रार करा.

शेवटची गोष्ट. आपल्या ओळखीचा ०२४२२ हा कोड या नंबरला मिळेलच असं नाही, आणि अनोळखी नंबर दिसला की लोक कॉल कट करतात. म्हणून नंबर सुरू झाला की जुम्याला मशिदीत एलान करा, फलकावर लावा आणि घरोघरी तो ट्रस्टच्या नावानेच सेव्ह करून घ्यायला सांगा.