अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं, मग हा खोकला कसला?

आजचा भाग अशा आईबाबांसाठी, ज्यांच्या बाळाचं जन्मल्यावर दोन-चार दिवसांतच अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय. बाळ वाचलं, दूध प्यायला लागलं, घरी आलं. आणि मग सुरू झाला खोकला. घोगरा, मोठा, भुंकल्यासारखा. पाहुणे विचारतात, "अजून औषध नाही दिलं का?"

साधारण तीन-चार हजार बाळांमागे एकाची अन्ननलिका अर्धवट बनते. वरचा तुकडा पिशवीसारखा बंद, आणि बहुतेकदा खालचा तुकडा वरच्या तुकड्याऐवजी श्वासनलिकेतून निघालेला. 1941 मध्ये अमेरिकेत मिशिगनला डॉ. कॅमेरॉन हाइट यांनी एकाच ऑपरेशनमध्ये ही टोकं पहिल्यांदा यशस्वीपणे जोडली. आज चांगल्या केंद्रात, वजन ठीक असेल आणि हृदयात मोठा दोष नसेल, तर बहुतेक बाळं वाचतात. म्हणूनच पुढच्या आयुष्याचा प्रश्न आता महत्त्वाचा झालाय.

गर्भात अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीतून तयार होतात. त्यामुळे एकीत दोष असला की दुसरीही बरेचदा कच्ची राहते. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ असतात. कागदी स्ट्रॉ रसात भिजला की कसा चपटा होतो, तसंच काहीसं. फक्त इथे ते श्वास सोडताना आणि खोकताना होतं. भिंती एकमेकींवर आपटून थरथरतात, तोच तो भुंकल्यासारखा आवाज. डॉक्टर याला ट्रेकिओमलेशिया म्हणतात. आवाजाचं एवढं काही नाही हो. खरी अडचण ही की कफ नीट वर येत नाही, आत साठतो, आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या रुंदावू शकतात.

त्यात जोडलेली अन्ननलिका घास नीट पुढे ढकलत नाही. जठरातलं आम्ल वर येतं, थोडं श्वासनलिकेत उतरतं. प्रत्येक वेळी दूध पितानाच ठसका लागत असेल, तर बंद केलेली वाट पुन्हा उघडली आहे का, हे तपासायलाच हवं.

आता दम्याबद्दल. या मुलांना सर्रास 'बालदमा' म्हणून पंप मिळतो. काहींना दमा असतोही. पण मूळ त्रास मऊ नळीचा असेल, तर स्नायू सैल करणारा पंप कधीकधी त्रास वाढवतो. म्हणून मनाने पंप बंद करू नका. ऑपरेशनची फाइल दाखवून विचारा. खोकला दाबणारं सिरप मात्र या मुलांना नकोच. कफ बाहेर काढायला त्यांच्याकडे तेवढाच तर उपाय आहे!

वयाबरोबर नळी घट्ट होते, भुंकणं कमी होतं. बहुतेक मुलं धावतात, खेळतात, तरी फुप्फुसाची क्षमता थोडी कमी राहू शकते. पाच-सहा वर्षांची झाली की स्पायरोमेट्री जमते, ती ठरावीक काळाने करून घ्या. छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर पाठीचा कणाही बघायला सांगा. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी चुकवू नका. घरात विडी-सिगारेट नको, चुलीचा धूर नको, बंद खोलीत धूपही नको.

दूध पिताना बाळ निळं पडलं, तर लगेच हॉस्पिटल.

आणि शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा: हा खोकला कुणाला लागत नाही, पण डबा खायला याला वेळ लागतो, आणि पाण्याची बाटली हाताशी लागते.