समुद्र पाहायला जाताय? आधी महिना आणि किनारा ठरवा, रिसॉर्ट मागून

अमरावती : चिखलदरा पाहून झालं, शेगाव तर दरवर्षीचंच. ‘एकदा तरी पोराइले समुद्र दाखवू’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत दरवर्षी निघतं. तूर-हरभरा विकला गेला, संत्र्याचे पैसे हातात आले की कुणीतरी मोबाईलवर ‘कोकणातले बीच रिसॉर्ट’ असं टाकतं आणि निळं पाणी, झोपाळा, नारळाची झाडं असे फोटो एकामागून एक येतात. तिथंच गडबड होते. फोटो पाहून खोली ठरते आणि बाकीचं सगळं त्या खोलीभोवती बसवलं जातं.

खरं तर उलटं करायला हवं. आधी कोणत्या महिन्यात जायचं ते ठरवा, मग घरातल्या माणसांना झेपेल असा किनारा निवडा आणि शेवटी खोली पाहा. एवढा क्रम पाळला तर पैसा कमी लागतो, आराम जास्त मिळतो आणि मुख्य म्हणजे सगळे सुखरूप घरी येतात.

जूनची सुट्टी फसवी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा मोकळा मिळतो. त्या दिवसांत कोकणातले दरही उतरलेले असतात. पण दर का उतरले, ते कुणी विचारत नाही.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पावसाळा लागतो. समुद्र खवळतो. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पर्यटकांच्या बोटी आणि पाण्यातले खेळही बंद ठेवले जातात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीही थांबते. पावसातलं हिरवं कोकण पाहायचं असेल तर जरूर जा, पण तेव्हा समुद्र लांबूनच पाहायचा.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्र बरा असतो. मात्र इकडे सोयाबीन घरात यायचं असतं आणि कापसाची वेचणी सुरू असते. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात दर चढतात आणि खोल्या मिळत नाहीत. गणपती आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघतात, तेव्हा कोकणच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

शेतकरी कुटुंबाला सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात. हवा छान असते, गर्दी कमी असते. शाळेतल्या मुलांमुळे मे महिनाच हाती असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. अकोल्यात पारा ४४-४५ वर जातो, कोकणात त्याहून बराच कमी असतो, पण तिथली हवा दमट. घाम वाळत नाही. ‘समुद्राकाठी गार असते’ या समजुतीनं साधी खोली घेतली तर रात्री झोप येणार नाही. मेमध्ये वातानुकूलित खोलीचे पैसे वाचवू नका.

किनारा माणसं पाहून निवडा

सगळे किनारे सारखे नसतात. म्हातारी माणसं सोबत असतील आणि देवदर्शनही करायचं असेल तर गणपतीपुळे सोयीचं. देऊळ समुद्राला लागूनच आहे, राहण्या-जेवण्याची सोय भरपूर आहे. रत्नागिरी स्थानकापासून अंतर सुमारे २५ किलोमीटर. पण पाण्यात उतरण्यासाठी हा किनारा धोक्याचा मानला जातो. इथं दर्शन घ्या, वाळूत बसा, सूर्यास्त पाहा. पोहण्याचा बेत नको.

लहान मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्यायचं असेल तर गुहागरचा लांबलचक किनारा किंवा दापोली तालुक्यातले कर्दे, मुरूड हे किनारे पाहा. गुहागरला चिपळूणहून, दापोलीला खेडहून जाता येतं. किल्ला, होडी आणि समुद्र असं सगळं एका ठिकाणी हवं असेल तर मालवण-तारकर्ली. कुडाळ स्थानकावर उतरलं की मालवण सुमारे ३० किलोमीटरवर आहे.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. मुरूड नावाची दोन ठिकाणं आहेत. एक रायगड जिल्ह्यात, जंजिरा किल्ल्याजवळचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळचं. रेल्वेचं तिकीट एका मुरूडच्या हिशोबानं आणि खोली दुसऱ्या मुरूडात, असं झालं तर अख्खा दिवस गाडीत जातो. बुकिंग करताना तालुका आणि जिल्हा वाचा.

जाण्यातच दोन दिवस जातात

अमरावती-अकोल्याहून मुंबईच साडेपाचशे-साडेसहाशे किलोमीटर, आणि कोकण त्याच्याही पुढे. त्यामुळे ‘तीन दिवसांची सहल’ म्हणजे प्रत्यक्षात समुद्रावर एकच दिवस. निदान दोन मुक्काम एकाच जागी होतील असा बेत करा. रोज गाव बदललं की आराम राहत नाही, नुसती बॅगांची चढउतार होते.

रेल्वेनं जायचं तर बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबईकडे आणि तिथून कोकण रेल्वे हा नेहमीचा मार्ग. कोकणच्या बहुतेक गाड्या ठाणे आणि पनवेलला थांबतात. दोन गाड्यांमध्ये किमान तीन-चार तासांचं अंतर ठेवा, कारण पहिली गाडी लेट झाली तर दुसरी थांबत नाही. बडनेरा-अकोला मार्गे नागपूर-मडगाव ही गाडीही ठरावीक दिवशी धावत आली आहे. ती विशेष गाडी असल्यानं सध्या सुरू आहे का, कोणत्या वारी आहे, हे १३९ वर विचारून घ्या. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात जायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढायचं.

स्थानकापासून पुढे एसटी वापरली तर चांगली बचत होते. राज्यात महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या वरच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांना समृद्धी महामार्गानं मुंबईचा रस्ता सोपा झाला आहे. जून २०२५ मध्ये तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. पण सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि पुढे कोकणात वळणाचे घाट आहेत. एकाच ड्रायव्हरनं रात्रभर गाडी चालवू नये. वाटेत एक मुक्काम केला तर तो खर्च वाया गेला असं समजू नका.

खोली घेताना फोनवर काय विचारावं

जाहिरातीतल्या ‘बीच रिसॉर्ट’ या शब्दावरून काहीच कळत नाही. समुद्र तीन किलोमीटरवर असला तरी नाव तेच असतं. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो, तिथं चालत जाता येतंच असं नाही. नकाशावर खोलीपासून वाळूपर्यंतचं अंतर स्वतः मोजा आणि मालकानं टाकलेल्या फोटोंऐवजी राहून गेलेल्या लोकांचे अलीकडचे फोटो पाहा.

मोठ्या रिसॉर्टचाच हट्ट नको. पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथं आहेत. त्यांचं बुकिंग महामंडळाच्या अधिकृत वेबसाईटवर होतं. गावागावांत घरगुती निवासही असतात. तिथं घरचं जेवण मिळतं आणि समुद्राची खरी माहिती देणारं माणूस घरातच भेटतं.

फोनवर पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा :

– आम्ही एवढी मोठी माणसं, एवढी मुलं. एकूण खर्च किती? जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का?
– दरात जीएसटी धरला आहे का? (सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के लागतो. समजा २,००० रुपयांच्या दोन खोल्या दोन रात्री घेतल्या, तर ८,००० वर ४०० रुपये.)
– आई-वडिलांसाठी तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे का?
– शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का? पोळी मिळते का? (कोकणात भात आणि तांदळाची भाकरी जास्त.)
– गाडी पहाटे पोहोचली तर खोली कधी मिळेल?
– वीज गेली तर पंखा चालतो का?
– येणं रद्द झालं तर किती पैसे परत?

आगाऊ पैसे पाठवण्याआधी थांबा

सुट्टीच्या दिवसांत नामांकित रिसॉर्टच्या नावानं खोटी पानं तयार होतात. फोटो खरे, नाव खरं, फोन नंबर मात्र ठगाचा. ‘शेवटची खोली उरली आहे, अर्ध्या तासात पैसे टाका’ अशी घाई केली जाते. अशा वेळी नंबर एकाच ठिकाणाहून घेऊ नका. व्हिडिओ कॉल करून खोली आणि बाहेरची पाटी दाखवायला सांगा. खरा मालक दाखवतो, ठग टाळाटाळ करतो. पैसे कुणाच्या नावावर जात आहेत ते स्क्रीनवर वाचा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका.

‘रिफंड देतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पाण्याशी मस्ती नको

विहिरीत, धरणात पोहणारा माणूसही समुद्रात नवखाच असतो. विहिरीचं पाणी जागेवर राहतं, समुद्राचं ओढून नेतं. लाटांनी काठावर आलेलं पाणी एखाद्या खोलगट वाटेनं जोरात परत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढ लागली तर काठाकडे तोंड करून झुंजू नये. दमछाक होते. काठाला समांतर, आडवं सरकत ओढीतून बाहेर पडावं, हात वर करून मदत मागावी. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्यातला एक अकोल्याचा होता. आपल्याकडेही सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. म्हणून बोटीत बसताना लाज धरू नका. लाईफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळा, मुलांनाही त्यांच्या मापाचं मागा. बोट भरलेली दिसली तर दुसरीची वाट पाहा.

भरती-ओहोटीचा अंदाज घरच्या कॅलेंडरवरून येतो. कोकणात जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. ही वेळ दिवसा आणि रात्री अशी दोनदा येते आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त मागे जातं. हा फक्त अंदाज आहे. नक्की वेळ त्या गावातल्या कोळ्याला किंवा घरमालकाला विचारा. ओहोटीत चालत जाता येणाऱ्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणी परतीची वेळ चुकली की माणसं अडकतात. वाळूत गाडी नेऊ नका, भरती आली की ती निघत नाही.

साडी, ओढणी, जीन्स पाण्यात जड होते. पाण्यात जायचं तर सुटसुटीत कपडे घाला. दारू पिऊन पाण्यात उतरू नका. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं मोबाईल खिशात ठेवून फक्त त्यांच्याकडे पाहायचं. अर्ध्या अर्ध्या तासानं माणूस बदला, म्हणजे सगळ्यांनाच आराम मिळतो. संकटात ११२ वर फोन करा.

पहिल्या दिवशी पाण्यात उतरण्याची घाई नको. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून काठावर बसा, स्थानिक लोक कुठं उतरतात आणि कुठं उतरत नाहीत ते पाहा. आजीला वाळूवर चालायला जड जातं, तिच्यासाठी एक खुर्ची मागून घ्या. समुद्र दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो.